चुंबक काठावर, मध्य मोकळा

१९७३ साली ‘रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स’ या अमेरिकी नियतकालिकात रुडॉल्फ लिम्पेखर आणि केनेथ मॅकेन्झी यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दोघंही लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले. निबंधाच्या शीर्षकात प्लाझ्माला चार विशेषणं लावली आहेत: मोठा, एकसारखा, कणांच्या आपसांतल्या टकरी नसलेला आणि शांत. प्लाझ्माशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना विचारा, यातली कुठलीही दोन विशेषणं एका वेळी मिळवणंसुद्धा किती जिकिरीचं असतं. या दोघांनी चारही एकत्र मिळवली, आणि तीही भिंतीवर साधे कायमचुंबक ओळीने मांडून. पुढे या मांडणीला ‘चुंबकी बादली’ म्हणू लागले. सिलिकॉनवर नक्षी कोरणाऱ्या, हत्यारांचा पृष्ठभाग कणखर करणाऱ्या, आयनांचे झोत निर्माण करणाऱ्या कितीतरी यंत्रांत ती आज निरनिराळ्या रूपांत भेटते. मला ती सुंदर वाटते, कारण तिच्यातला प्रत्येक भाग दुसऱ्याला अर्थ देतो आणि एकही भाग काढून घेता येत नाही. म्हणून ती सावकाश, ओळीओळीने वाचायला हवी.

आधी गरज कुठली, ते पाहू. मायक्रोचिप बनवताना ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, एका वेळी शेकडो चिप घडत असतात. थर चढवायचा, त्यावर नक्षी उमटवायची, नको तो भाग खोदून काढायचा, असं पुन्हा पुन्हा होतं. खोदायचं काम प्लाझ्मा करतो. त्यातले आयन वरून सरळ खाली येतात आणि खाचेच्या भिंतींना न दुखावता तळ खोदतात. आता काठावरच्या चिपवर मधल्या चिपपेक्षा दहा टक्के कमी आयन पडले असं समजा. मध्यावरचं खोदकाम पुरं होईल तेव्हा काठावर थर शिल्लक असेल. काठावरचं पुरं होईपर्यंत थांबलं तर मध्यावर खालचा थर खरवडला जाईल. दोन्हीकडून नुकसानच. टीव्हीच्या पडद्यांच्या काचेचं गणित तर आणखी मोठं आहे. त्या उद्योगात ज्याला साडेदहावी पिढी म्हणतात त्या काचेचं माप २९४० बाय ३३७० मिलिमीटर असतं. एवढ्या पत्र्यासारख्या पसरट जागेवर सगळीकडे सारखा प्लाझ्मा हवा, आणि तोही हवेच्या दाबाच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपासच्या विरळ वायूत.

प्लाझ्माची स्वतःची सवय याच्या नेमकी उलट आहे. त्याला एका पिंपात जन्माला घाला, तो मध्यावर दाट आणि कडेला विरळ होतो. कारण साधं आहे. भिंतीला टेकलेला प्रत्येक आयन आणि इलेक्ट्रॉन तिथे एकमेकांना भेटून विझतो. म्हणजे भिंत सतत प्लाझ्मा गिळत असते, आणि तिची भूक भागवायला मधून कडेकडे प्रवाह चालू राहतो. इलेक्ट्रॉनांचं तापमान ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर आरगॉनचे आयन भिंतीजवळ पोहोचेपर्यंत सेकंदाला सुमारे २.७ किलोमीटर वेग घेतात. एवढा वेग यायला मध्यापासून कडेपर्यंत विद्युतदाबाचा उतार हवा, आणि तो उतार म्हणजेच घनतेचा उतार. टकरी नसलेल्या अगदी आदर्श स्थितीतही कडेची घनता मध्याच्या साधारण ६१ टक्के भरते. टकरी वाढल्या की फरक आणखी वाढतो.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या कल्पनेचं बीज या निदानात आहे. घनतेतला उंचसखलपणा हे लक्षण आहे. भिंतीची भूक हे कारण. लक्षणावर इलाज करायचा तर कडेला जास्त ऊर्जा ओतायची, तिथे जास्त आयन घडवायचे आणि उतार भरून काढायचा. तसे प्रयत्न झाले, होतात, आणि काही ठिकाणी उपयोगीही पडतात. पण वायू बदलला, दाब बदलला, की भरणीचं प्रमाण चुकतं. कारणावर इलाज करायचा तर भिंतीला खाऊच द्यायचं नाही. बाजूच्या भिंतीकडे काही जातच नसेल तर तिकडे उतार राहायला कारण उरत नाही. घनता आपोआप सपाट होते, कुणी सपाट न करता.

भिंतीपासून प्लाझ्माला दूर ठेवायचं तर चुंबक हवा, हे सर्वांना आधीपासून माहीत होतं. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेभोवती घिरट्या घालतो आणि रेषा ओलांडून सहज जात नाही. पहिली सुचणारी गोष्ट म्हणजे पिंपाभोवती वेटोळं गुंडाळायचं आणि पिंपाच्या अक्षाच्या दिशेने सरळ क्षेत्र निर्माण करायचं. १९६० मध्ये प्रिन्स्टनला नेथन रिन आणि निकोला डी’अँजेलो यांनी असंच एक यंत्र बांधलं. तापलेल्या धातूच्या पत्र्यावर पोटॅशियम किंवा सीझियमची वाफ सोडायची आणि निर्माण झालेला प्लाझ्मा लांब वेटोळ्याच्या क्षेत्रात धरून ठेवायचा. प्लाझ्माच्या शांतपणामुळे त्या यंत्राला क्यू-मशीन हे नाव पडलं, आणि प्लाझ्मातल्या लाटांचा पद्धतशीर अभ्यास तिथे वाढला. पण सरळ क्षेत्रात प्रत्येक कण आपापल्या रेषेला बांधला जातो. ज्या रेषेवर जन्मला तिच्यावरच राहतो. उगमाशी एखादा ठिपका दाट असेल तर तो ठिपका तसाच दुसऱ्या टोकाला उमटतो. चुंबक भिंतीपासून राखतो खरा, पण मिसळू देत नाही.

चुंबकक्षेत्र कामाच्या जागेतच असलं की काय होतं, याचं जास्त बोलकं उदाहरण पुढे चिप उद्योगातच मिळालं. खोदकामाच्या एका पद्धतीत वेफरला समांतर असं आडवं चुंबकक्षेत्र लावत. त्याने प्लाझ्मा दाट होई, पण इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकत आणि घनता कलती होई. म्हणून ते क्षेत्र हळूहळू फिरवत. पूर्ण फेऱ्यांची सरासरी काढली तर वेफरचा प्रत्येक भाग सारखा खोदलेला दिसे. तरीही कुठल्याही एका क्षणी एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त भारित असे. ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा विद्युतरोधक थर काही नॅनोमीटरच जाड. त्या क्षणिक फरकाने त्यातून प्रवाह वाहे आणि थर कायमचा दुखावला जाई. सरासरीतली समता आणि क्षणोक्षणीची समता यांत केवढं अंतर आहे ते या खराब झालेल्या थरांनी दाखवून दिलं.

आता बादली. तिची मुळं संलयनाच्या संशोधनात आहेत. सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर मिळवायच्या प्रयत्नात १९५० च्या दशकात लॉस अ‍ॅलॅमॉसच्या जेम्स टक यांनी चुंबकीय रेषांचं मेढ्यांचं कुंपण सुचवलं, आणि न्यूयॉर्क विद्यापीठात हॅरल्ड ग्रॅड यांनी अशा टोकदार क्षेत्रांचं गणित मांडलं. १९६१ मध्ये मॉस्कोच्या एम. एस. इऑफे यांनी दाखवलं की क्षेत्राचं बळ मध्यावर सर्वांत कमी ठेवलं आणि बाहेर जाताना सर्व दिशांनी वाढवत नेलं, तर प्लाझ्मा उधळत नाही. तरी टोकदार क्षेत्रांचं कुंपण संलयनाला पुरलं नाही. रेषा जिथे भिंतीत शिरतात तिथल्या फटींतून प्लाझ्मा गळतो, आणि कोट्यवधी अंशांच्या प्लाझ्माला एवढी गळती परवडत नाही. मॅकेन्झींनी जी वस्तू उचलली ती अशी एका क्षेत्रात नापास झालेली होती. त्यांना कोट्यवधी अंश नको होते. त्यांचा प्लाझ्मा थंड होता, गळती थोडी चालणार होती. त्यांनी नवा नियम शोधला नाही. जुन्या कल्पनेला तिची योग्य जागा मिळवून दिली. हे मला मोठ्या प्रतिभेचं लक्षण वाटतं.

मॅकेन्झी माणूस कोण होते, हेही सांगायला हवं. १९४० मध्ये बर्कलीच्या सायक्लोट्रॉनवर डेल कॉर्सन आणि एमिलिओ सेग्रे यांच्याबरोबर ज्यांनी अ‍ॅस्टॅटीन हे मूलद्रव्य प्रथम घडवलं, ते हेच केनेथ मॅकेन्झी. चुंबक, निर्वात पंप, कणांची वळणं यांच्यात हात मुरलेला माणूस. ज्याने कणांना वर्तुळात धावायला लावण्यात तारुण्य घालवलं, त्याने उत्तरायुष्यात त्यांना मोकळं सोडण्याची युक्ती काढली.

मांडणी अशी. पिंपाच्या भिंतीवर चुंबकांच्या लांब रांगा लावायच्या. एका रांगेचा उत्तर ध्रुव आत तोंड करून, शेजारच्या रांगेचा दक्षिण, तिसरीचा पुन्हा उत्तर. रेषा एका रांगेतून निघतात, थोडं आत येतात आणि कमान करून शेजारच्या रांगेत शिरतात. सगळी भिंत अशा लहान लहान कमानींनी भरून जाते. चुंबक सुटे सुटे, बुद्धिबळाच्या पटासारखे लावूनही पाहिले गेले, तुटक रांगाही करून पाहिल्या गेल्या. सलग रांगांची मांडणी सरस ठरली.

या रचनेत एक नियम दडलेला आहे आणि तो या साऱ्या कृतीतली सर्वांत सुरेख ओळ आहे. एकटा चुंबक असता तर त्याचं क्षेत्र दूरवर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत गेलं असतं. भिंतीवर उलटसुलट रांगा असल्या की प्रत्येक रांगेचं दूरवरचं म्हणणं तिची शेजारीण खोडून काढते, आणि क्षेत्र घातांकी वेगाने पडतं. रांगांमधल्या अंतराला पायने भागून येईल तेवढं आत गेलं की क्षेत्र २.७ पटींनी कमी होतं. पुन्हा तेवढं गेलं की पुन्हा २.७ पटींनी. रांगा ६ सेंटीमीटरवर असतील तर हे पाऊल सुमारे १.९ सेंटीमीटरचं. भिंतीशी क्षेत्राचं बळ १००० गॉस धरू. ६ सेंटीमीटर आत साधारण ४३ गॉस उरतात, १२ सेंटीमीटर आत २ गॉसहूनही थोडे कमी, आणि १५ सेंटीमीटरवर ०.४ गॉस. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकक्षेत्र महाराष्ट्रात साधारण एवढंच असतं. म्हणजे वीतभर आत गेलं की हजार गॉसच्या चुंबकांची जाणीवही राहत नाही.

इलेक्ट्रॉनाच्या बाजूने हेच पाहिलं की रचनेचा अर्थ नीट उलगडतो. ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनाची घिरटी १००० गॉसमध्ये ०.०४ मिलिमीटर त्रिज्येची असते. मध्यावर, ०.४ गॉसमध्ये, तीच १० सेंटीमीटर होते. काठावर जो पक्का बांधलेला, तो मध्यावर जवळजवळ मुक्त. शेताचं कुंपण बांधावर असतं, पिकात नसतं, तसं. मधला इलेक्ट्रॉन कुठल्याच रेषेचा नसल्यामुळे पिंपभर हिंडतो, आणि एका जागी जन्मलेला प्लाझ्मा सगळीकडे पसरतो. सरळ क्षेत्राने जी मिसळ अडवली होती ती इथे खुली आहे, आणि तरी भिंत राखलेली आहे. दोन्ही गोष्टी एकाच घातांकी उतारातून निघतात, ही त्या ओळीची ताकद.

शांतपणाचं मूळही या कमानींतच सापडतं. त्यांची फुगीर बाजू आत, प्लाझ्माकडे असते. प्लाझ्माचा एखादा लोट भिंतीकडे सरकू लागला तर पुढे त्याला जास्त बळाचं क्षेत्र भेटतं आणि तो परततो. वाकण उलटी असती तर लोट पुढे सरकताना आणखी जोर धरत गेला असता. इऑफेंनी जे संलयनासाठी दाखवलं होतं, त्याचा लाभ थंड प्लाझ्माला न मागता मिळाला.

तिसरा लाभ सर्वांत मोठा असूनही त्याच्याकडे सहज लक्ष जात नाही. या प्लाझ्मात दोन जातींचे इलेक्ट्रॉन असतात. बहुसंख्य मंद, आणि थोडे पन्नास-साठ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे वेगवान. वायूच्या अणूला फोडून आयन घडवतात ते हे वेगवान. चुंबकांशिवाय असा इलेक्ट्रॉन पिंप एकदाच पार करतो आणि समोरच्या भिंतीत ऊर्जेसकट फुकट जातो. बादलीत तो कमानीवरून परततो, पुन्हा परततो, ऊर्जा संपेपर्यंत सगळं पिंप पुन्हा पुन्हा ओलांडतो. म्हणून आयन इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापलेल्या तारेजवळच जन्मत नाहीत, सर्वत्र जन्मतात. उगमही सपाट, क्षयही बाजूला नाही. सपाटपणाला दोन्हीकडून आधार.

आता फटींबद्दल. ज्या रांगेतून रेषा भिंतीत शिरतात, त्या रांगेवर रेषेच्या दिशेने येणाऱ्या कणाला भिंत उघडी असते. बरेचसे कण वाढत्या क्षेत्रामुळे आरशावरून परतावेत तसे परततात, पण काही निसटतात. ही फट किती रुंद? १९७५ मध्ये नोआ हर्शकोविट्झ आणि सहकाऱ्यांनी मोजमाप करून एक विलक्षण उत्तर दिलं. ती इलेक्ट्रॉनाच्या घिरटीएवढी नसते आणि आयनाच्या घिरटीएवढीही नसते. दोन्हींच्या भूमितीय मध्याच्या सुमारे चौपट असते. १००० गॉसमध्ये इलेक्ट्रॉनाची घिरटी ०.०४ मिलिमीटर. थंड आरगॉन आयनाची दीड मिलिमीटरच्या आतबाहेर. हिशेब केला की फट साधारण एक मिलिमीटर भरते. हलका इलेक्ट्रॉन क्षेत्राला घट्ट चिकटलेला, जड आयन ढिला. पण दोघांतलं विद्युत आकर्षण त्यांना एकमेकांपासून फार दूर जाऊ देत नाही. एकट्याने कुणालाच बाहेर पडता येत नाही, म्हणून दरवाजा दोघांच्या मापांच्या मधला.

६० मिलिमीटरच्या अंतरात एक मिलिमीटर फट. म्हणजे भिंतीचा दोन टक्क्यांहून कमी भाग उघडा. यावरून गळतीही पन्नास-साठ पटींनी घटली असं मानू नये. जिथे दाब जरा जास्त, टकरी होतात, तिथे मंद प्लाझ्मा रेषा ओलांडूनही सरकत राहतो, आणि लाभ त्यामानाने माफक असतो. वेगवान इलेक्ट्रॉनांवरचा परिणाम मात्र मोठाच राहतो. बादलीचं मोठेपण नेमकं सांगायचं तर एवढं सांगायला हवं. त्याने ती कमी होत नाही.

चालू बादलीत खिडकीतून पाहिलं तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. मधला प्लाझ्मा सारख्या उजेडाचा. काठाकडे प्रत्येक रांगेपाशी उजेडाची एक पातळ पाकळी भिंतीपर्यंत जाते, आणि दोन पाकळ्यांच्या मधे काळोखाचा पट्टा. पिंप उघडल्यावर आतल्या भिंतीवर त्याच रेषा डागांच्या रूपात उमटलेल्या सापडतात. रांगांच्या टोकांना हे चित्र बिघडतं, आणि ती टोकं हाताळण्यात कारागिरी लागते. वक्र आणि बदलत्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन रांगेच्या लांबीच्या दिशेने हळूहळू वाहत जातात, एका पट्ट्यात एका दिशेने, शेजारच्या पट्ट्यात उलट. रांग मधेच संपली तर ते टोकाशी साठतात किंवा भिंतीत जातात, आणि सपाटपणा तिथे मोडतो. म्हणून जाणकार टोकं वळवून रांगा एकमेकींना जोडतात, वाहणाऱ्यांना परतीची वाट देतात.

हीच बंद वाट कामाच्या पृष्ठभागापाशी आणली की मॅग्नेट्रॉन होतो. सपाट मॅग्नेट्रॉनचं पेटंट जॉन चॅपिन यांनी १९७४ मध्ये दाखल केलं, आणि इमारतींच्या काचांपासून चिपमधल्या धातूच्या थरांपर्यंत त्याने जग बदललं. पण तिथे प्लाझ्मा लक्ष्यावरच्या बंद पट्ट्यात दाटतो, आणि लक्ष्य त्या पट्ट्यातच झिजतं. धावपट्टीसारखा एक खोल चर पडतो आणि महागड्या धातूचा बराचसा भाग न वापरता राहतो. तोच चुंबक, तीच कमान. पण कामाची जागा क्षेत्राच्या आत आली. बादलीची शिस्त किती मोलाची, ते मॅग्नेट्रॉन शेजारी ठेवला की कळतं.

मॅकेन्झींच्या बादलीत इलेक्ट्रॉन तापलेल्या टंगस्टनच्या तारांतून येत. प्रयोगशाळेतल्या आरगॉनमध्ये ते ठीक. १९८७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन कॉनरॅड आणि सहकाऱ्यांनी अशाच प्लाझ्मात हत्यारं बुडवून त्यांना ऋण उच्चदाबाचे झटके द्यायची पद्धत मांडली. वस्तूच्या सर्व बाजूंनी आयन तिच्यावर काटकोनात येऊन आदळत आणि आत रुतत. झोत फिरवायला नको, वस्तू फिरवायला नको. पण त्यासाठी वस्तूच्या चहूबाजूंनी सारखाच प्लाझ्मा हवा, आणि तो बादलीत होता.

चिप खोदायच्या वायूंमध्ये मात्र फ्लोरिन असतो, क्लोरिन असतो, ऑक्सिजन असतो. तिथे तापलेली तार लवकरच खाल्ली जाते आणि तिचा धातू वेफरवर येऊन पडतो. तार काढायची तर इलेक्ट्रॉनांना ऊर्जा कोण देणार? याला ग्रेनोबलच्या मिशेल पिशो, जाक पेलेतिए आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दिलेलं उत्तर मला मूळ कल्पनेच्या तोलाचं वाटतं. २.४५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी घेतल्या, म्हणजे घरच्या ओव्हनच्याच, तर ८७५ गॉसमध्ये इलेक्ट्रॉनाची घिरटी लहरीच्या तालाशी जुळते आणि तो प्रत्येक फेरीत ऊर्जा घेत जातो. बादलीच्या प्रत्येक चुंबकासमोर ८७५ गॉसचा एक पृष्ठभाग आपसूक असतोच, भिंतीला लागून. त्यांनी लहरी त्या रांगांच्या बाजूने सोडल्या. इलेक्ट्रॉन तिथेच तापतात, तिथेच कमानींत अडकून आयन घडवतात, आणि तयार प्लाझ्मा क्षेत्रमुक्त मध्यात पसरतो. जो चुंबक राखण करत होता तोच आता पेटवतोही. उगम परिघावर वाटला गेला, त्यामुळे पिंप मोठं करायचं तर रांगा वाढवायच्या. एवढी बचत, एवढी बांधीव रचना अभियांत्रिकीत फार क्वचित पाहायला मिळते.

मर्यादा सांगितल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. वेफर जिथे ठेवायचा त्या बाजूला चुंबक लावता येत नाहीत. तिथे क्षेत्र काही गॉसच्या वर गेलं तर खोदकाम कलतं. म्हणून तळ उघडाच राहतो, आणि तो तसा हवाच, कारण सगळा प्लाझ्मा तिथेच पडायचा आहे. फटींच्या रेषांवर उष्णता साचते. निओडिमियमचे साधे चुंबक ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे बळ गमावू लागतात, तेव्हा त्यांच्यामागून पाणी खेळवावं लागतं. तीन मीटरच्या काचेसाठी तर प्रश्नाचं रूपच बदलतं. तिथे यंत्र रुंद आणि बुटकं असतं. बाजूच्या भिंती मध्यापासून दीड मीटर दूर, झाकण मात्र काचेच्या दहा-वीस सेंटीमीटर वर. गळती मुख्यतः वर आणि खाली होते, त्यामुळे बाजूचे चुंबक फक्त कडा सावरतात. चुंबक झाकणावर लावावे तर ६ सेंटीमीटरच्या रांगांचं क्षेत्र दहा सेंटीमीटर खाली ५ गॉस उरतं. रांगा आणखी जवळ आणल्या तर काचेवरचं क्षेत्र झपाट्याने घटतं, पण फटींची संख्या वाढते आणि राखणीचा थर पातळ होतो. याला एकच बरोबर उत्तर नाही. प्रत्येक यंत्राला आपली तडजोड स्वतः निवडावी लागते.

लॉस एंजेलिसच्याच विद्यापीठात फ्रान्सिस चेन यांनी पुढे वेगळी वाट धरली. प्लाझ्माभौतिकीचं त्यांचं पाठ्यपुस्तक अनेक देशांत पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं आहे. त्यांनी कडीच्या आकाराचा कायमचुंबक घेतला. कडीच्या पोकळीतल्या रेषा परत कडीकडेच वळतात, त्यामुळे तिथला प्लाझ्मा बाहेर पडत नाही. पण कडीच्या खाली एका बिंदूवर क्षेत्र शून्य होतं, आणि त्याच्या पलीकडे ते उलट दिशेचं, विरळ, दूरवर पसरणारं असतं. चेन यांनी छोटी नळी त्या पलीकडच्या क्षेत्रात ठेवली, तिला १३.५६ मेगाहर्ट्झची ऊर्जा दिली, आणि नळीतून प्लाझ्मा खाली वाहू लागला. अशा आठ नळ्या शेजारी शेजारी लावून त्यांनी ‘मेड्युसा २’ नावाचं यंत्र बांधलं. रुंद पृष्ठभागासाठी नळ्या वाढवत जाता येतील, ही त्यामागची कल्पना. चुंबकाचं बलवान पोट सोडून त्याच्या दूरच्या, दुबळ्या बाजूचा उपयोग करायचा, हे वाचलं की मॅकेन्झींशी त्यांचं नातं जाणवतं. सूक्ष्म फरक असा की मॅकेन्झी क्षेत्र टाळतात, चेन ते पातळ करून वापरतात. मला मॅकेन्झींची वाट जास्त आवडते, कारण तिथे समता रचनेतूनच येते. चेन यांच्याकडे ती आठ उगमांच्या बेरजेतून घडवावी लागते, आणि नळ्यांमधलं अंतर नीट साधलं नाही तर उंचवटे उरतात.

भारतात या परंपरेचा धागा पुण्यात आणि गांधीनगरला दोन्हीकडे आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सूक्ष्मलहरींनी तापवलेल्या, ८७५ गॉसच्या जातीच्या प्लाझ्माने पृष्ठभागांवर केलेलं काम अनेक वर्षांचं आहे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने तर बादलीच पुन्हा बांधली, एक मोठा बदल करून. तिथल्या यंत्रात कायमचुंबकांच्या जागी सहा विद्युतचुंबक आहेत. कायमचुंबकाचं बळ ठरलेलं, ते एकदा लावलं की बदलता येत नाही. त्यामुळे क्षेत्राचा परिणाम तपासायचा तर वेगळं पिंप, वेगळे चुंबक, आणि मग फरक नेमका कशामुळे पडला ही शंका. विद्युतचुंबकातला प्रवाह वाढवला की काठाचं क्षेत्र वाढतं. पिंप तेच, वायू तोच, तारा त्याच ठेवून फटींची रुंदी, मधल्या सपाट भागाचा विस्तार आणि प्लाझ्माचा शांतपणा क्षेत्राबरोबर कसा बदलतो, ते तिथे टप्प्याटप्प्याने मोजता येतं.